बक्षीस कशाचे, दंड कशाचा?

(श्रीपूर, जि. सोलापूर येथे साखर कामगार, अधिकारी व त्यांच्या कुटुंबीयांसमोर केलेले भाषण.)



साखरेच्या गावात येऊन मधुमेहावर बोलायचे आणि मळीपासून मद्यार्क काढणाऱ्या उद्योगातील माणसांना दारू सोडा असे सांगायचे, हे धाडसाचेच काम. तथापि श्रीपूरला हा विषय परका नाही. चंद्रशेखर आगाशे यांनी १९३४ साली बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेट स्थापन करून येथे कारखाना उभारला. त्याच आगाशे यांचे नाव पुण्यात कशाला आहे? महाराष्ट्रीय मंडळाच्या शारीरिक शिक्षण महाविद्यालयाला. साखर आणि व्यायाम या दोन गोष्टी एका नावाखाली नांदू शकतात, एवढा दाखला आजच्यापुरता पुरे.

मला दिलेला विषय असा : कामगारांनी चांगल्या सवयी लावून घ्याव्यात म्हणून मालकाने किंवा संस्थेने बक्षिसे द्यावीत काय? तंबाखू सोडली तर इतके रुपये, वजन उतरवले तर तितके, रोज चालले तर मनगटी घड्याळ. मोठ्या शहरांतील कंपन्यांत अशा योजनांची सध्या चलती आहे. बंगळूरच्या झिरोधा या शेअर दलाली कंपनीचे प्रमुख नितीन कामत यांनी २०२२ मध्ये जाहीर केले, की ज्याचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक, पंचविसाच्या आत असेल त्याला अर्ध्या महिन्याचा पगार बोनस मिळेल. त्यावर टीका झाली आणि ती रास्त होती. कोणाची शरीरयष्टीच दणकट असते, कोणाला थायरॉइडचा विकार असतो, एखादी भगिनी नुकतीच बाळंत झालेली असते. काट्यावर उभे करून माणसाच्या पुण्याईचे मोजमाप होत नाही. त्याच वर्षी पुढे त्या कंपनीने वजनाऐवजी रोजच्या हालचालीला बक्षीस जोडले. हा बदल शहाणपणाचा होता. बक्षीस माणसाच्या हातात असलेल्या गोष्टीला द्यावे, नशिबाला देऊ नये.

आपल्या राज्याच्या पोलीस दलातही तंदुरुस्त जवानाला महिन्याला २५० रुपये भत्ता देण्याची योजना आखली गेली. तिलाही हीच बीएमआयची अट. बारा-बारा तास बंदोबस्तात उभे राहायचे, मिळेल तेव्हा मिळेल तो वडा खायचा आणि महिन्याअखेर अडीचशे रुपयांसाठी वजन द्यायचे! भत्त्यामागचा हेतू चांगलाच आहे, पण ड्यूटीची वेळ बदलल्याशिवाय अडीचशे रुपये काय करणार?

दंडाची वाटही जुनी आहे. १९४८च्या कारखाना कायद्याचे विसावे कलम आपल्यापैकी किती जणांनी वाचले असेल? प्रत्येक कारखान्यात पिकदाण्या ठेवाव्यात आणि पिकदाणीबाहेर थुंकणाऱ्यास पाच रुपयांपर्यंत दंड करावा, असे त्यात लिहिलेले होते. तो कायदा आता नोव्हेंबर २०२५ मध्ये अमलात आलेल्या नव्या श्रमसंहितेत सामावला गेला आहे. मधल्या पंचाहत्तर वर्षांहून अधिक काळात या पाच रुपयांनी किती जिन्यांचे कोपरे स्वच्छ राहिले, ते आपण सर्वजण पाहतोच. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे. ती असूनही २०१६-१७ च्या पाहणीत महाराष्ट्रातील दर शंभर प्रौढांपैकी २४ हून अधिक जण बिनधुराची तंबाखू खाणारे निघाले आणि विडी-सिगारेट ओढणारे चारसुद्धा नव्हते. आपल्याकडे प्रश्न धुराचा नाही. चुन्याच्या डबीचा आणि मिश्रीचा आहे. तिसऱ्या पाळीला डोळे मिटू लागले की तळहातावर तंबाखू मळली जाते. घरी माउली सकाळी मिश्री लावते. तिला तर ही सवय व्यसनात मोडते हेच ठाऊक नसते.

मग पैसे दिल्याने माणूस व्यसन सोडतो काय? याची शास्त्रीय परीक्षा झालेली आहे. अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक या कंपनीत धूम्रपान करणाऱ्या ८७८ कर्मचाऱ्यांचे दोन गट केले गेले. दोघांनाही व्यसनमुक्तीच्या वर्गांची माहिती दिली. एका गटाला त्याखेरीज टप्प्याटप्प्याने एकूण ७५० डॉलर मिळणार होते : वर्ग पुरा केल्यावर १००, सहा महिन्यांच्या आत सोडल्याचे तपासणीत दिसले तर २५०, पुढे आणखी सहा महिने टिकले तर ४००. निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. वर्षाच्या सुमारास पैसे मिळणाऱ्या गटात शंभरातील जवळजवळ पंधरा जणांनी सिगारेट सोडलेली होती, दुसऱ्या गटात पाच जणांनी. पैसे बंद झाल्यावर आणखी सहा महिन्यांनी पाहिले, तर पंधराचे साधारण नऊ झाले होते आणि पाचाचे साडेतीन. म्हणजे पैसा काम करतो, हे खरे. शंभरातील पंच्याऐंशी जणांवर तो काम करत नाही, हेही तितकेच खरे.

आता याच्या उलट प्रयोग ऐका. फिलिपाइन्समध्ये एका बँकेने सिगारेट ओढणाऱ्यांना सांगितले : सहा महिने तुमचेच पैसे आमच्याकडे ठेवा, व्याज मिळणार नाही, सहा महिन्यांनी लघवीच्या तपासणीत निकोटिन सापडले नाही तर रक्कम परत, सापडले तर ती धर्मादाय कार्याला जाईल. ज्यांना ही योजना देऊ केली त्यांच्यापैकी शंभरात अकरा जणांनीच ती घेतली. आपलेच पैसे पणाला लावायला कोण सहज तयार होतो? पण योजना देऊ केलेल्या गटात सोडणाऱ्यांचे प्रमाण इतरांपेक्षा वाढले आणि वर्षभरानंतर, पैशाचा व्यवहार संपल्यावर अचानक केलेल्या तपासणीतही ते टिकून होते.

हे वाचले तेव्हा मला आपली माळ आठवली. तुकोबांची पालखी दरवर्षी याच पट्ट्यातून जाते. अकलूज सोडले, माळीनगरचे उभे रिंगण झाले, की बोरगावचा मुक्काम. त्या वाटेवर तुळशीची माळ गळ्यात घालून किती घरांतील दारू सुटली, याचे आकडे कोणी नोंदवलेले नाहीत. पण ज्यांच्या घरी सुटली त्या भगिनी या सभेतही बसलेल्या असतील. माळ घालणाऱ्याला कोणी रोख बक्षीस देत नाही. तो आपला लौकिक गहाण टाकतो. साऱ्या गावाला कळते की अमुक माळकरी झाला. मग गुत्त्याच्या दारात त्याला पाहणारे शंभर डोळे असतात. फिलिपाइन्सच्या बँकेने जे पैशाने साधले, ते आपल्याकडे साक्षीने साधते. शिवाय माळकरी एकटा नसतो. त्याला दिंडी असते, सोबत चालणारी माणसे असतात आणि पुढच्या वर्षी पुन्हा भेटण्याची ओढ असते. कारखान्यात आरोग्याची काही योजना करावयाची असेल तर मनगटी घड्याळाआधी या गोष्टीचा विचार करावा. एका खात्यातील, एका पाळीतील आठ-दहा जणांनी एकत्र संकल्प करावा, त्यांच्या घरच्यांना तो माहीत असावा आणि बक्षीस द्यायचेच तर ते गटाला द्यावे. एकाची तंबाखू सुटावी म्हणून बाकीचे नऊ जण आपली डबी घरी ठेवून येतील.

दुसरी एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. अशा योजनांत भाग कोण घेतो? अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाने आपल्या कर्मचाऱ्यांवर केलेली पाहणी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. योजनेत हौसेने आलेले लोक मुळातच अधिक निरोगी, अधिक सवयीचे निघाले. जो आधीच रोज पहाटे फिरायला जातो तोच बक्षीसही घेऊन जातो. त्याच वर्षी एका मोठ्या दुकान-साखळीतील जवळपास तेहतीस हजार कर्मचाऱ्यांची पाहणीही प्रसिद्ध झाली. दीड वर्षाच्या आरोग्य कार्यक्रमानंतर, आपण व्यायाम करतो, वजनाकडे लक्ष देतो असे सांगणारे वाढले. परंतु रक्तदाब, साखर, औषधोपचाराचा खर्च, गैरहजेरी यांत लक्षात येईल असा फरक पडला नाही. कार्यालयात खुर्चीवर बसणाऱ्याला सायंकाळी चालणे जमते. आठ तास बॉयलरपुढे उभा असलेला माणूस तिसरी पाळी संपवून सकाळी घरी जातो, तेव्हा त्याला दहा हजार पावले मोजायला सांगणे ही थट्टा होय. त्याला झोप हवी असते आणि घरातले दळण, मुलांची शाळा, दारावरचे पाहुणे यांतून ती मिळत नसते. पाळीच्या कामगाराला दिवसा सलग सहा तास झोपू देणे, हा त्याच्या कुटुंबाने द्यावयाचा आरोग्य-बोनस आहे. भगिनींनो, ही विनंती तुमच्याकडे.

आणि येथे मी मूळ मुद्द्यावर येतो. नवी बक्षिसे जाहीर करण्यापूर्वी, आपण आज कशाकशाला बक्षीस देत आहोत ते एकदा पगारपत्रकावर पाहिले पाहिजे. हजेरी बोनस घ्या. महिन्यात एकही खाडा नाही त्याला जादा रक्कम. दिसायला शिस्तीची गोष्ट. पण तापाने फणफणलेला माणूस त्या रकमेसाठी कामावर येतो, शेजारच्या चौघांना ताप देतो आणि यंत्रात बोट अडकवून घेतो. रजा न घेता ती विकण्याची सोय घ्या. विश्रांती विकून आलेला पैसा मुलीच्या लग्नाला उपयोगी पडतो हे मान्य, पण ती आपण विकत घेतो हेही मान्य करावे. दुप्पट दराचा ओव्हरटाइम घ्या. धुळीच्या खात्यात काम करणाऱ्याला गूळ देण्याची चाल कित्येक ठिकाणी होती. गूळ गोडच लागतो, परंतु उसाच्या भुशाची बारीक धूळ फुप्फुसात जाऊन होणारा बगॅसोसिस गुळाने थांबत नाही. त्याला धूळ ओढून घेणारी यंत्रणा लागते, भुसा ओला ठेवावा लागतो, तोंडाला चांगला मास्क लागतो. कित्येकदा बक्षीस हे करावयाच्या कामाऐवजी दिले जाते.

मुंबई परिसरातील वीस कारखान्यांत हीलिस-सेखसरिया संस्थेच्या सहकार्याने तंबाखूमुक्तीचा एक अभ्यास झाला. तो २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात कामगारांना केवळ तंबाखूचे दुष्परिणाम सांगितले नाहीत. कामाच्या जागेतील धोके, रसायने, धूळ यांकडेही व्यवस्थापनाला लक्ष द्यायला लावले. ज्या कारखान्यांत हे झाले तेथे तंबाखू सोडणारे इतर कारखान्यांपेक्षा स्पष्टपणे जास्त निघाले. कारण उघड आहे. आपल्या फुप्फुसाची चिंता वाहणाऱ्या साहेबाने आधी आपल्या डोक्यावरची धूळ पाहिली, तर कामगार त्याचे ऐकतो. नाहीतर तो मनात म्हणतो, "अहो साहेब, तंबाखूचं मी बघतो, तुम्ही तेवढं पंख्याचं बघा."

बंधूंनो, आतापर्यंत मी ज्यांच्याविषयी बोललो ते सारे हजेरीपटावरचे लोक. परंतु कारखान्याची गव्हाण ज्यांच्यामुळे चालते ते हजेरीपटावर नाहीत. गळीत हंगाम सुरू झाला की बीडकडून, मराठवाड्याच्या इतर भागांतून ऊसतोडीच्या टोळ्या येतात, कोप्या उभ्या राहतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली असते आणि ती तोडणीतून फेडायची असते. पहाटेच्या अंधारात फड गाठायचा, तोडलेल्या उसाच्या मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून वाहून गाडी भरायची. फडात ना आडोसा ना पाणी. आणि एक दिवस काम चुकले तर? खाडा. त्याबद्दल दिवसाला पाचशे रुपये, कोठे त्याहूनही अधिक, उचलीत वाढवले जातात. आपल्या विषयाच्या भाषेत बोलायचे तर ही एक अत्यंत प्रभावी प्रोत्साहन योजना आहे. आजारी न पडण्याची! पाळीच्या दिवसांत कंबर मोडून आली तरी मोळी उचलायची, अंगावरून जात असले तरी डॉक्टर गाठायचा नाही, कारण डॉक्टर म्हणजे खाडा.

या योजनेचे फळ काय मिळाले ते सरकारदरबारी नोंदलेले आहे. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली २०१९ मध्ये नेमलेल्या समितीपुढे बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी आली. त्यांतील १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली होती. शंभरात जवळजवळ सतरा! यांत तिशी-चाळिशीतील बायका किती तरी. साऱ्या शस्त्रक्रिया खाड्याच्या भीतीनेच झाल्या असे मी म्हणणार नाही. लवकरची लग्ने, लागोपाठची बाळंतपणे, अस्वच्छतेमुळे होणारे संसर्ग, कर्करोगाची भीती घालणारे काही डॉक्टर, हे सारे त्यात आहे. पण "पिशवी काढली की कटकट मिटली, खाडा नाही" हा हिशेब त्या बायकांच्या तोंडून अनेक वार्ताहरांनी आणि कार्यकर्त्यांनी ऐकला आहे. पाचशे रुपयांचा दंड वाचवण्यासाठी एक तरुण बाई आपल्या शरीराचा अवयव काढून देते, आणि ती शस्त्रक्रियाही पुन्हा उचलीतूनच होते. बक्षीस आणि दंड माणसाला किती दूर नेऊ शकतात, याचा याहून मोठा पुरावा अमेरिकेच्या कोणत्या विद्यापीठात सापडणार आहे?

यावर नेहमीचे उत्तर असे, की ते आमचे कर्मचारी नव्हेत, ते मुकादमाचे. कागदावर तसे असेल. पण ऊस कारखान्याच्या काट्यावर येतो, आणि त्या टोळीची वाट शेतकी खातेच पाहत असते.

उपाय कोणता, असे कोणी विचारील. राजस्थानातील उदयपूर जिल्ह्यातील सेवा मंदिर या संस्थेचा अनुभव मला या बाबतीत फार बोलका वाटतो. खेड्यांतील मुलांचे लसीकरण पुरे होत नव्हते. पूर्ण लसी घेतलेली मुले शंभरात सहा. काही गावांत ठरल्या दिवशी ठरल्या वेळी शिबिर भरेलच, परिचारिका येईलच, अशी व्यवस्था केली. प्रमाण अठरावर गेले. आणखी काही गावांत त्या शिबिरात दर लसीमागे किलोभर डाळ आणि सर्व लसी पुऱ्या केल्यावर ताटांचा संच दिला. तेथे ते एकोणचाळीसवर गेले. २०१० मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. क्रम ध्यानात घ्या. आधी परिचारिका वेळेवर आली, मग डाळ आली. आणि डाळ कशाची होती? आईने बुडवलेल्या मजुरीची थोडीफार भरपाई. कोप्यांच्या तळावर आठवड्याच्या ठरल्या वारी, तोडणी संपल्यावर सायंकाळी, महिला डॉक्टर बसल्या आणि तपासणीला आलेल्या बाईला किलोभर तूरडाळ दिली, तर तो खर्च कोणत्याही कारखान्याला जड नाही.

अधिकारी मंडळींसाठी औंधच्या राजेसाहेबांचे उदाहरण देतो. बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी संस्थानच्या शाळांत सूर्यनमस्कार सुरू केले, त्यावर ग्रंथ लिहिले, १९३८ मध्ये त्यांचे इंग्रजी पुस्तक विलायतेत निघाले. पण मुलांना सांगण्यापूर्वी ते स्वतः रोज पहाटे नमस्कार घालत होते, राणीसाहेब आणि मुलेबाळे घालत होती. साहेबाच्या टेबलावरील ड्रॉवरमध्ये तंबाखूची पुडी असेल तर खात्यात भित्तिपत्रके लावण्याचा खर्च तेवढा वाचवावा. हंगामी कामगार बंधूंसाठी तर बिगरहंगामाचे महिने हाच खरा मुहूर्त. हंगामात तीन पाळ्यांच्या रेट्यात नवी सवय लागत नाही. पावसाळ्यात दात-तोंडाची तपासणी, रक्तातील साखर, रक्तदाब, गटागटाने तंबाखूमुक्तीचा संकल्प. आणि मोळी टाकण्याच्या दिवशी, ज्या गटाने चार महिने संकल्प पाळला त्याचा सपत्नीक सत्कार. रकमेपेक्षा तो सत्कार माणसे अधिक दिवस लक्षात ठेवतील.

शेवटी खाड्याचा एक हिशेब मांडतो. एक कोयता दिवसाला सुमारे दोन टन ऊस तोडतो असे धरू. दीडशे दिवसांच्या हंगामात तीनशे टन. त्या कोयत्यातील बाईला महिन्यातून तीन दिवस विनाखाडा सुटी द्यायची ठरवली, तर पाच महिन्यांत पंधरा दिवस. पाचशे रुपयांप्रमाणे साडेसात हजार. तीनशे टनांवर वाटले तर टनाला पंचवीस रुपये. एका टनातून शंभर किलो साखर निघते असे धरले, तर साखरेच्या किलोमागे पंचवीस पैसे. हे तीन दिवस मुकादमाशी होणाऱ्या करारपत्रात एका ओळीत लिहिता येतात, आणि रक्कम थेट त्या बाईच्या बँक खात्यावर जमा करता येते. हा हिशेब मी कागदावर लिहून आणला आहे. शेतकी खात्यातील जी मंडळी येथे बसली आहेत त्यांनी तोडणीचे आणि उताऱ्याचे इथले नेमके आकडे घालून तो तपासून पाहावा. कागद अध्यक्षांकडे देऊन ठेवतो.